‘टाकलं’ला इंग्रजीत काय म्हणतात

निवृत्त झाल्यावर मी बऱ्याचदा गरोदर राहिले आहे. एकदा तर जुळी होती. माझी प्रोस्टेटची तक्रार जुनी आहे, माझा डावा गुडघा बदलायचा आहे, आणि दारू कायमची सोडल्याचं मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं आहे, तेही बायको शेजारी बसलेली असताना. प्रत्यक्षात मी खडकीत राहते, साठी ओलांडली आहे, आणि आयुष्यात चहापेक्षा कडक काही प्यायलेले नाही.

मी दुभाषी आहे. इंग्लंडमधल्या इस्पितळांत मराठी माणूस जाऊन पडतो आणि त्याचं बोलणं डॉक्टरांना कळेनासं होतं, तेव्हा तिथून फोन लावतात. तो इथे माझ्या कानात वाजतो. त्यांची सकाळ ती आपली दुपार, त्यामुळे जेवणं आटोपून, माठातलं पाणी शेजारी घेऊन मी बसते. पेशंट मराठीत बोलतो, मी इंग्रजीत सांगते. डॉक्टर इंग्रजीत बोलतात, मी मराठीत सांगते. यात पहिला नियम असा, की ‘ते म्हणतात की’ असं म्हणायचं नाही. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. म्हणून ती प्रोस्टेट.

बाकीचे नियमही सोपे आहेत. पाळायला जड आहेत. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. शिवी दिली तर शिवी, विनोद केला तर विनोद. सल्ला द्यायचा नाही. धीर द्यायचा नाही. आपण कोण, कुठल्या, हे सांगायचं नाही. एखाद्या शब्दाचे दोन अर्थ होत असतील आणि कुठला ते कळत नसेल, तर दोन्ही बाजूंना थांबवायचं आणि ‘दुभाषीला खुलासा करायचा आहे’ असं म्हणायचं. आणि इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं. म्हणून खाली जी नावं-गावं येतील, ती मी बदललेली आहेत. मांजरी गाव म्हणेन, ते मांजरी नसेलही.

निवृत्तीआधी मी खडकीतल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. व्याकरणाच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असायचा, जोडीतल्या दोन शब्दांच्या अर्थांतला फरक स्पष्ट करा. ‘बिसाइड’ आणि ‘बिसाइड्स’. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’. ‘हंग’ आणि ‘हँग्ड’. चित्र टांगलं तर ‘हंग’, माणसाला फासावर दिलं तर ‘हँग्ड’, हे मी फळ्यावर लिहायची. शेवटच्या बाकावरून एकदा आवाज आला, “बाई, लटकायचंच असेल तर शब्दानं काय फरक पडतो?” वर्ग हसला, मीही हसले. पोरांच्या दृष्टीनं तो मार्कांचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

या जोड्यांची गोडी मला लावली वडिलांनी. ते दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. इंग्रजी त्यांना कामापुरतंच यायचं, पण शाळेत असताना मी त्यांना विचारलं होतं, की ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन्हींना मराठीत सुरक्षाच म्हणतात, मग कारखान्यात दोन वेगळी खाती कशाला? ते बूट काढत होते. म्हणाले, “सेफ्टी म्हणजे दारूपासून माणसाला वाचवायचं. सिक्युरिटी म्हणजे माणसापासून दारूला.” शब्दकोशात इतकं चोख मला पुढे कधी सापडलं नाही.

दुभाषीचं काम मला एका जुन्या विद्यार्थिनीनं सुचवलं. मी म्हटलं, इंग्रजी तर येतंच, त्यात काय! पहिल्याच आठवड्यात तो भ्रम गेला.

कर्वे रोडवरचे एक गृहस्थ मुलाकडे गेले होते. त्यांना ताप भरला. इंग्रजी येतं याचा अभिमान होता, म्हणून दुभाषी येण्याआधीच त्यांनी नर्सला ‘आय ॲम सिक’ असं ठणकावून सांगितलं. तिनं धावत जाऊन पुठ्ठ्याचं एक वाडगं आणून त्यांच्या हातात दिलं. तेवढ्यात माझा फोन जोडला गेला. गृहस्थांचा पहिला उद्गार माझ्या कानावर पडला तो असा: “अहो, आजारी आहे म्हणालो, तर हातात वाडगं दिलंय. आता दारोदार फिरू का?” नियमाप्रमाणे हे मी जसंच्या तसं सांगितलं. नर्स इतकी हसली, की तिला पुढचा प्रश्न विचारता येईना. आपण ‘सिक’ म्हणजे आजारी असं शिकलो. तिकडे दवाखान्यात ‘सिक’ म्हटलं, की आता ओकारी होणार असा अर्थ घेतात. आजारीपणाला ‘इल’ म्हणायचं किंवा ‘अनवेल’. ही जोडी मी वर्षानुवर्षं शिकवली होती, पण त्यात वाडगं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

उलटही होतं. हडपसरच्या एक आजी गुडघ्याचं सांगत होत्या. ठणकतो, मध्येच कळ येते, जिना उतरताना चमक भरते, आणि संध्याकाळी रग लागते. इंग्रजीत माझ्या हाताशी ‘पेन’ आणि ‘हेडेक’मधलं ‘एक’ ही जोडी. ‘पेन’ म्हणजे तीव्र, ‘एक’ म्हणजे मंद पण चिकट. धडपडत काहीबाही जोडून मी चारही दुखणी पोचवली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “एक ते दहामध्ये किती?” आजी म्हणाल्या, “उठताना दहा, बसताना सहा, आणि सून घरात असली की बारा.” तेही पोचवलं. सून तिथेच होती, हे मला नंतर कळलं.

पण या कामात एक रुखरुख आहे. फोन बंद झाला की माणूस संपतो. गाठ साधी निघाली की नाही, बाळंतीण सुटली का, कुणी कधी कळवत नाही, आणि आपण विचारायचं नसतं. शाळेत निदान दहावीचा निकाल तरी लागायचा.

फक्त एकदा मला शेवट कळला. तो सांगायचाय.

थंडीचे दिवस होते. दुपारी फोन वाजला. पलीकडे बाईचा आवाज, सावकाश, स्पष्ट. ती म्हणाली, मी इस्पितळातली सोशल वर्कर आहे. माझ्याबरोबर मुलांचे डॉक्टर आहेत, आणि एका बाळाची आजी आहे. बाळ पाच महिन्यांचं आहे. सकाळी त्याच्या डोक्याला मार लागला आहे. आईला इंग्रजी येतं, पण ती दुसऱ्या खोलीत आहे. आजीचं म्हणणं मला तिच्याच तोंडून, कुणाही नातेवाइकाच्या मदतीशिवाय ऐकायचं आहे. शब्दन् शब्द हवा.

शब्दन् शब्द हवा, असं सगळेच म्हणतात. हिनं ते पुन्हा एकदा म्हटलं.

त्यावरून मला कळलं, की हा साधा फोन नाही. तिकडे लहान मुलाला संशयास्पद इजा झाली, की चौकशी होते. घरात मूल सुरक्षित नाही असं वाटलं, तर त्याला आईबापांपासून काही काळ दूरही ठेवतात. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. वर्गात पाठीवर वळ घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणी अशी बाई यावी असं मला फार वाटलं आहे.

मी माझी ठरलेली वाक्यं म्हटली. “नमस्कार. मी मराठी दुभाषी आहे. इथे बोललेलं सगळं मी भाषांतर करून सांगेन.”

“बाई, तुम्ही पुन्याकडच्या का?” पलीकडून आवाज आला.

मी हेही इंग्रजीत सांगितलं, आणि मराठीत म्हटलं, की मला याचं उत्तर देता येत नाही.

“असू द्या. आवाजावरनं वाटलं.”

त्या इंदूबाई. मांजरीच्या. वयानं माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान असाव्यात, पण आवाज थकलेला होता. मुलीचं बाळंतपण करायला गेल्या होत्या. जावई कामासाठी दुसऱ्या शहरात होता. हे सगळं पहिल्या पाच-सहा प्रश्नांत आलं. मग सोशल वर्करनं विचारलं, “आज सकाळी काय झालं, ते तुमच्या शब्दांत सांगा.”

इंदूबाई सांगू लागल्या. “लेक अंगुळीला गेली व्हती. बाळ माझ्यापाशी. लई किरकिर करत व्हतं. मंग खांद्यावर घिऊन हिंडवलं, तवा कुठं डोळा लागल्यागत झाला. दुपटं वल्लं झालतं. म्हनून म्या त्याला पलंगावर टाकलं आन् दुसरं दुपटं घ्याया वळले. वळले तवर धप्पदिशी आवाज झाला.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत त्यांचं ‘लई’ गेलं, ‘डोळा लागल्यागत’ गेलं, सगळं गुळगुळीत झालं. तो या कामाचा नेहमीचा तोटा. ‘पलंगावर टाकलं’ला मी ‘पुट’ म्हटलं. पलंगावर ठेवलं. विचार करून नव्हे. आपण तसंच बोलतो. ‘हात भरून आला असेल तुझा, टाक बाळाला जरा पलंगावर,’ असं माझी आई मला किती वेळा म्हणाली असेल.

मग सोशल वर्कर म्हणाली, “सकाळी ॲम्ब्युलन्समधल्या लोकांना तुम्ही इंग्रजीत सांगितलंत, ‘आय थ्रो बेबी’. मी बाळाला फेकलं. तुम्ही ते दोनदा म्हणालात. आता तुम्ही ‘ठेवलं’ म्हणताय. नक्की कुठलं?”

आता हा प्रश्न मराठीत कसा विचारायचा? ‘फेकलं’ म्हटलं तर इंदूबाई हादरणार, आणि न म्हणावं तर मी प्रश्न गिळला असं होणार. मी विचारला तसाच विचारला. ‘थ्रो’ हा शब्द इंग्रजीच ठेवला, कारण तो त्यांनीच वापरला होता.

इंदूबाईंचा आवाज उलट उजळला. शाळेत उत्तर येणाऱ्या मुलासारख्या त्या म्हणाल्या, “हां, थ्रो! थ्रोच म्हनले म्या. टाकलं म्हंजे थ्रो. लेकीनंच शिकवलंय. हितं कचऱ्याचे दोन डबे हायती, ह्यो कागद ह्यात थ्रो, त्ये खरकटं त्यात थ्रो.”

आणि हे मला इंग्रजीत सांगायचं होतं. ‘हो, मी थ्रोच म्हणाले. माझ्या मुलीनं मला तो शब्द शिकवला आहे.’ कचऱ्याच्या डब्यासकट. मी सांगितलं. डॉक्टरांच्या खुर्चीचा आवाज झाला. कुणीतरी सरळ होऊन बसलं.

बहुतेक त्या आवाजानं किंवा समोरच्या चेहऱ्यांनी इंदूबाईंना कळलं, की काहीतरी चुकतंय. त्या घाबरल्या. म्हणाल्या, “बाई, गुन्हा माझा हाय. सगळा माझा. मला पोलिसात द्या. पर माझ्या पोरीचं लेकरू नगा नेऊ.”

‘फॉल्ट’, ‘मिस्टेक’, ‘क्राइम’. शाळेत मी या तिघांतला फरक तीन ओळींत लिहून दिला असता. चूक असा अर्थ लावून ‘मिस्टेक’ म्हणावं असं मनात येऊन गेलं. पण त्या बाई ‘गुन्हा’ म्हणाल्या होत्या, आणि पोलिसही. मी ‘क्राइम’ म्हटलं.

“कुठला गुन्हा?” सोशल वर्करनं विचारलं. आवाज चढवला नाही.

“पाठ फिरवली त्याच्याकडं. ह्योच.”

मी ते सांगितलं. आणि मग, पुढचा प्रश्न येण्याआधी, म्हटलं, “दुभाषीला खुलासा करायचा आहे.” आधी इंग्रजीत, मग मराठीत.

ते चार शब्द म्हणताना माझ्या डोक्यात ‘टाकलं’ गरगरत होतं. आपण काय काय टाकतो! केर टाकतो, चहा टाकतो, आमटीत मीठ टाकतो, पाऊल टाकतो, मत टाकतो, गाद्या टाकतो. दमून आलं की जरा अंग टाकतो. आणि नवरा बायकोलाही टाकतो. एवढं सगळं त्या एका शब्दात मावतं, आणि इंग्रजीला त्यातलं प्रत्येक वेगळं हवं असतं.

मला खात्री होती की त्या बाईनं बाळाला अलगद ठेवलं होतं. मी तसं बोलले असते तर कदाचित त्या दोघांनी ऐकलंही असतं. पण मी ती खोली पाहिली नव्हती. तो पलंग पाहिला नव्हता. आवाज चांगला वाटतो म्हणून माणूस चांगला, असं ठरवायला मला तिथे बसवलेलं नव्हतं. माझ्यावर विश्वास होता तो शब्दांपुरता, आणि तो एका बाळाच्या जिवासाठी होता.

म्हणून मी एवढंच सांगितलं: “मूळ मराठी शब्द ‘टाकलं’ असा आहे. त्यात फेकणं येतं, खाली सोडणं येतं, ठेवणं येतं, आडवं निजवणंही येतं. मघाशी मी ‘पुट’ म्हटलं ते वाक्यावरून. पण नुसत्या शब्दावरून यातला कुठला अर्थ आहे, हे दुभाषीला सांगता येणार नाही. ते त्यांनाच विचारावं लागेल.”

हेच मराठीतही सांगितलं. इंदूबाईंच्या तोंडून “अगं आई गं” एवढंच आलं.

मग सोशल वर्कर म्हणाली, “शब्द बाजूला ठेवू या. त्यांनी मला करूनच दाखवावं. इथे टॉवेल आहे, त्याची गुंडाळी करून देते. हे बाळ आहे असं समजा, आणि हा पलंग. सकाळी केलंत तसंच करा.”

माणूस ओळखायची रीत त्या बाईला ठाऊक होती, हे मला तेव्हा कळलं.

मला काही दिसत नव्हतं. फोनवर पावलं ऐकू आली, कापडाचा आवाज आला. मग इंदूबाईंचा आवाज, अगदी हळू, माझ्याशी नव्हे आणि त्यांच्याशीही नव्हे.

“हां… हां माझ्या राजा… झालं, झालं… निज गं माय…”

त्या टॉवेलशी बोलत होत्या.

बोललेलं सगळं भाषांतर करायचं, असा नियम. मी केलं. ‘हो माझ्या राजा, झालं, झोप बाळा.’ मुलग्यालाही लाडानं ‘गं’ आणि ‘माय’ म्हणतात, हे इंग्रजीत कसं सांगणार? जमेल तेवढं सांगितलं. माझा आवाज मी बराच सांभाळला, असं वाटतं.

मग सोशल वर्कर बोलली, टिपून ठेवण्यासाठी बोलतात तसं. “आजीनं डावा हात मानेखाली धरला आहे. आधी पाठ टेकवली, मग डोकं. हात शेवटी काढून घेतला. दोन्ही बाजूंनी कापड खोचलं.” आणि पुढे म्हणाली, “टॉवेलचं डोकंसुद्धा तिनं धरलंय.”

हे शेवटचं वाक्य नोंदीसाठी नसावं. मी तरीही मराठीत सांगितलं. इंदूबाई म्हणाल्या, “मंग? डोकं नगं का धराया?”

त्यानंतर डॉक्टरांनी बाळाचं सांगितलं. डोक्याच्या हाडाला बारीक ‘हेअरलाइन’ फ्रॅक्चर होतं. मी ‘केसाएवढी बारीक चीर’ म्हटलं. ‘हाड मोडलं’ म्हटलं असतं तर अर्थ चुकला नसता, पण ‘हेअरलाइन’मधला केस गेला असता आणि जीवही घाबरा झाला असता. इंदूबाईंनी विचारलं, “टाळूला तर न्हाई ना लागलं?” टाळू तोंडातही असते आणि बाळाच्या डोक्यावरही. इथे मात्र थांबून विचारायची गरज नव्हती. टाळूला धक्का नव्हता. आत रक्त नव्हतं. पण बाकीचं डॉक्टर आणि सोशल वर्कर आपसांत बोलून ठरवणार होते, आईशीही बोलणार होते. सोशल वर्करनं माझा दुभाषी क्रमांक विचारून घेतला. म्हणाली, “पुन्हा फोन करू, तेव्हा हाच आवाज असावा.”

फोन बंद झाला.

आमचे हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, बोलणं मोजकं. मी मेथीची जुडी घेऊन त्यांच्यासमोर बसले. थोड्या वेळानं ते पेपरावरून बघत म्हणाले, “काड्या पातेल्यात चालल्यात आणि पानं कचऱ्यात. आज असाच बेत आहे का?”

“लक्ष नव्हतं.”

“ते दिसतंय. सांगण्यासारखं आहे?”

“नाही.”

त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि काड्या वेचायला बसले. इतक्या वर्षांत त्यांनी मला या कामातलं काही खोदून विचारलेलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारावं असं वाटत होतं. माझ्या मनात एकच घोळत होतं, की ती लेक दुसऱ्या खोलीत बसली आहे आणि तिला अजून काही माहीत नाही. जो शब्द तिनं आईला कचऱ्याच्या डब्यासाठी शिकवला, तो कुठे जाऊन पडला, हे तिला कुणी सांगितलं असेल का? आणि इंदूबाई आत्ता कुणाजवळ बसल्या असतील? त्यांना चहा तरी कुणी विचारला असेल का?

उन्हं कलली. मध्ये दोन फोन आले. एकाला डोळ्यांत थेंब घालायचे होते, एकाला वेळ बदलून हवी होती. दोन्ही केले. दिवे लागायच्या सुमाराला तिसरा वाजला, आणि तोच सावकाश, स्पष्ट आवाज.

या वेळी मुलगीही त्या खोलीत होती. तिच्या हुंदक्यावरून कळलं. सोशल वर्कर म्हणाली, “आम्ही बाळाजवळच आहोत. आजींना त्यांच्या भाषेत सांगा.” म्हणजे माझ्या तोंडून. आणि नियमाप्रमाणे ‘मी’ म्हणून.

“आम्ही सगळं तपासलं,” मी मराठीत म्हटलं. “तुम्ही सांगितलंत आणि बाळाला जी इजा झाली आहे, ते जुळतं. हा अपघात होता, याबद्दल माझी आणि डॉक्टरांची खात्री झाली आहे. बाळाला आजची रात्र इथे देखरेखीखाली ठेवू. उद्या तुम्ही सगळे मिळून घरी जा. बाळ तुमच्याबरोबर येईल.”

मला वाटलं, लाइन तुटली.

मग इंदूबाई म्हणाल्या, “बाई, पुन्यांदा सांगा.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. सोशल वर्करनं पहिल्यापासून, तितक्याच सावकाश, सगळं पुन्हा म्हटलं. मीही पुन्हा म्हटलं. ‘बाळ तुमच्याबरोबर येईल’ हे वाक्य मी आयुष्यात दोनदा उच्चारलं आहे, दोन्ही वेळा एकाच संध्याकाळी.

“तुमच्या तोंडात साखर पडो,” इंदूबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

साखर तोंडात पडणं इंग्रजीत सांगितलं, तेव्हा सोशल वर्करनं विचारलं, “हे मला म्हणाल्या की दुभाषीला?” मी प्रश्न मराठीत केला. इंदूबाई रडता रडता म्हणाल्या, “ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या समद्यांच्या.”

मग त्यांनी जरा चाचरत विचारलं, “आता म्या त्याला घेऊ का?”

सकाळपासून त्यांनी बाळाला हात लावला नव्हता. कुणी लावू दिला नव्हता, की त्यांनाच धीर झाला नव्हता, ते मला माहीत नाही. ‘घेणं’ हाही तसलाच शब्द आहे. ‘टेक’ही होतं आणि ‘होल्ड’ही. त्या इमारतीत त्या दिवशी ‘टेक’ या शब्दाची भीती सगळ्यांच्या मनात होती. मी थांबले नाही, खुलासा मागितला नाही. म्हटलं, “मे आय होल्ड हिम नाऊ?”

“हो,” सोशल वर्कर म्हणाली. “हो, अर्थातच.”

मी तेही मराठीत सांगायला गेले, पण त्याची गरज उरली नव्हती. पावलांचा आवाज आला, पाळण्याची दांडी खाली केल्याचा आवाज आला, मुलीचं “सावकाश गं आई” ऐकू आलं. बाळ आधी कुरकुरलं आणि मग गप्प झालं. फोन टेबलावर तसाच पडून होता. मी माझं ठरलेलं शेवटचं वाक्य म्हणायला हवं होतं, की दुभाषीची गरज नसल्यास फोन बंद करते. ते माझ्या तोंडून फुटेना.

बऱ्याच वेळानं सोशल वर्करच्या लक्षात आलं. फोन उचलून ती इंग्रजीत म्हणाली, “तुम्ही अजून आहात का?”

“हो, आहे,” मी तिला चक्क मराठीतच म्हणाले.

तिनं पुन्हा विचारलं नाही. “थँक यू,” म्हणाली. आवाज तिचाही नीट नव्हता.